हृदयाच्या भिंतीवर दाब किती ग्रॅमचा?

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाची वरची दालने, म्हणजे अलिंदे, लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात. रक्त साचून त्याची गुठळी बनते आणि ती मेंदूकडे वाहून गेल्यास पक्षाघात होतो. या रुग्णांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. औषधांनी लय आटोक्यात येत नाही, तेव्हा कॅथेटर ॲब्लेशनचा पर्याय पुढे येतो. या उपचाराचे यश बरेचसे एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर अवलंबून असते : कॅथेटरचे टोक हृदयाच्या भिंतीवर किती दाबाने टेकले आहे?

फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांमधून अवेळी उठणारे विद्युत ठोके या विकाराला चिथावणी देतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून दिले. तेव्हापासून या शिरांच्या मुखांभोवती व्रणांचे कडे तयार करणे हा उपचाराचा गाभा ठरला. जांघेतील शिरेतून कॅथेटर हृदयात नेऊन रेडिओ लहरींच्या ऊर्जेने ऊतक तापवले जाते. तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की पेशी मरतात, आणि मागे राहणाऱ्या व्रणातून वीज वाहत नाही.

मात्र हे कडे अखंड असावे लागते. टोक हलकेच टेकले असेल, तर उष्णता भिंतीच्या पूर्ण जाडीत पोहोचत नाही. काही पेशी केवळ सुजतात. शस्त्रक्रियागृहात वाहन थांबल्याचे दिसते, रुग्ण घरी जातो आणि सूज उतरल्यावर विजेला पुन्हा वाट सापडते. विकार परतण्याचे हे एक प्रमुख कारण होय. उलट, दाब जास्त झाला तर धोका तत्काळ असतो. अलिंदाची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. तिला छिद्र पडल्यास हृदयावरणात रक्त साचून हृदयच दाबले जाते. शिवाय मागच्या भिंतीला लागून अन्ननलिका असते.

पूर्वी डॉक्टर हाताला येणारा अंदाज, क्ष-किरण प्रतिमा आणि विद्युत रोधातील बदल यांवरून दाब ताडत. परंतु कॅथेटर लांब व लवचीक, वाटेत रक्तवाहिन्यांचे घर्षण आणि पलीकडे ठोक्यागणिक, श्वासागणिक हलणारी भिंत! अनुभवी हातही येथे फसतो.

दाबमापक कॅथेटरने हा अंदाज मोजमापात आणला. एका प्रकारात टोकाजवळील प्रकाशतंतू दाबामुळे होणारे सूक्ष्म विरूपण टिपतात. दुसऱ्यात बारीक स्प्रिंग दबते आणि चुंबकीय संवेदक तिचे विस्थापन मोजतात. दाबाचे ग्रॅममधील मूल्य आणि त्याची दिशा पडद्यावर क्षणोक्षणी दिसते.

‘टोकाटा’ या छोट्या अभ्यासात सरासरी १० ग्रॅमपेक्षा कमी दाब मिळालेल्या सर्वच रुग्णांत विकार वर्षभरात परतला. २० ग्रॅमहून अधिक दाब मिळालेल्यांपैकी ८० टक्के त्यातून मुक्त राहिले. ‘एफिकास’ अभ्यासाने २० ग्रॅम हे लक्ष्य आणि १० ग्रॅम ही किमान मर्यादा सुचवली. १० ग्रॅम म्हणजे जेमतेम दोन लहान चमचे पाण्याचे वजन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अशा कॅथेटरना मान्यता दिली.

तरीही केवळ उपकरण बदलल्याने यश मिळाले, असे म्हणता येत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टोकास्टार’ चाचणीत दाबमापक कॅथेटर जुन्या कॅथेटरच्या तोडीचा ठरला, सरस नव्हे. त्याच गटात पुरेसा दाब राखलेल्या रुग्णांत यशाचे प्रमाण सुमारे ७६ टक्के, तर न राखलेल्यांत ५८ टक्के होते. आकडा पडद्यावर असणे आणि त्यानुसार हात चालणे या भिन्न गोष्टी आहेत. पुढे दाब, कालावधी आणि ऊर्जेची पातळी एकत्र धरून प्रत्येक व्रणाचा निर्देशांक काढण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली.

भारतीय रुग्णांनी हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. आपल्याकडे अनेकांत हा विकार संधिवाती तापाने खराब झालेल्या झडपेमुळे उद्भवतो. तेथे झडपेवरील उपचार आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे यांना अग्रक्रम असतो.

दरम्यान, उष्णतेऐवजी अतिसूक्ष्म कालावधीच्या विद्युत स्पंदांनी पेशी नष्ट करणारी ‘पल्स्ड फील्ड’ पद्धत पुढे आली असून अमेरिकेत तिला डिसेंबर २०२३ मध्ये पहिली मान्यता मिळाली. अन्ननलिकेला तिच्यापासून धोका कमी मानला जातो. विद्युत क्षेत्राचा प्रभावही अंतरागणिक घटत असल्याने टोक भिंतीला टेकलेले असणे मात्र तेथेही महत्त्वाचे ठरते.