जॅकेट नंतर, आधी घामाचं बोलू : फेब्रुवारीतल्या स्पितीची तयारी

हिवाळ्यात हिमबिबट्या पाहायला स्पितीला जायचं म्हटलं की इंदूर, बडोदा, हैदराबाद, पुणे, कुठूनही फोन आला तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो : "जॅकेट कोणतं घेऊ?" मी उलट विचारतो, "तुम्हाला चढताना घाम किती येतो?" समोरचा माणूस गोंधळतो. उणे २० तापमानाच्या गावी निघालेल्या माणसाला कुणी घामाचं विचारतं का? पण तिथे माणसं गारठतात ती बहुतेक वेळा कपडे कमी पडले म्हणून नाही, अंगातले कपडे आतून ओले झाले म्हणून.

आधी तिथला दिवस कसा जातो ते बघा. किब्बर हे गाव सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवली तरी किब्बर थोडं वरच राहतं. हिवाळ्यात बर्फामुळे भरल आणि आयबेक्स खालच्या उतारांवर येतात, त्यांच्या मागे हिमबिबट्या येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांचा मीलनाचा काळ. २०२४ साली जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतात हिमबिबटे ७१८. एवढ्या मोठ्या हिमालयात एवढेच, म्हणून दिसायची शक्यता वाढवायची तर हेच दिवस, म्हणजे थंडीचे ऐन दिवस.

पहाटे गावातले स्पॉटर दुर्बिणी घेऊन आधीच बाहेर पडलेले असतात. निरोप आला की आपण बर्फातून पाऊण तास, कधी दीड तास चढतो. धाप लागते, पाठ भिजते. मग घळीच्या काठावर जाऊन बसायचं, आणि बसायचं म्हणजे चार-पाच तास जवळपास हलायचंच नाही. समोरच्या कड्यावर राखाडी दगडांत एक राखाडी जनावर झोपलेलं असतं आणि ते उठायची वाट पाहायची असते.

म्हणजे एकाच सकाळी एकाच माणसाला दोन वेगळी शरीरं सांभाळायची आहेत. चढणारं शरीर बसलेल्या शरीराच्या कित्येक पट उष्णता तयार करतं. त्याला गरम कपडा नकोच असतो. तोच माणूस बसला की भट्टी विझते, आणि घामाने भिजलेली बनियन अंगाला चिकटलेली असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि ते वाळताना अंगातलीच ऊब घेऊन जातं. वरून वारा. उणे २० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या चेहऱ्याला तो गारठा उणे ३३ इतका लागतो.

सह्याद्रीत फिरलेल्या मंडळींना ही सवय मोडणं सगळ्यात जड जातं. राजगड चढून आल्यावर घामेजलेल्या सुती टी-शर्टला वारा लागला की किती बरं वाटतं! तेच सुख किब्बरला धोक्याचं आहे. सुती कापड पाणी धरून ठेवतं, वाळता वाळत नाही. म्हणून सुती बनियन, सुती मोजे, जीन्स, हे सगळं घरी ठेवून या. आतले कपडेसुद्धा.

ही विद्या काही नवीन नाही. अमेरिकेत रॉकी पर्वतात, कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना या भागांत, हंगामाच्या शेवटी एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार करणारे लोक याच पेचातून जातात. तिथेही बर्फ साचला की एल्क खाली उतरतात, शिकारी अंधारात चढून धारेवर जातात आणि दुर्बीण लावून तासन् तास बसतात. त्यांचा साधा नियम आहे : निघताना थोडं कुडकुडतच निघायचं. दाराबाहेर पाऊल टाकताच उबदार वाटत असेल, तर दहा मिनिटांत घाम फुटणार हे नक्की. आपल्याकडे कायद्याने वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे आणि आपण जातो ते कॅमेरा घेऊन. पण हाताशी बंदूक आहे की लेन्स, याच्याशी शरीराला काही देणंघेणं नाही.

तर मग अंगावर काय? सर्वांत आत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा अंगाला बसणारा पातळ थर. त्यावर पातळ फ्लीस. वारा असेल तर वारा अडवणारं पातळ जॅकेट, नसेल तर तेही पिशवीत. चढताना बस एवढंच. आणि हळू चढा. ज्या वेगाने बोलता येतं, त्या वेगाने. मध्येच थांबून चेन उघडायला, टोपी काढायला लाजू नका. गावातले लोक बघा, ते कधीच घाईत चढत नाहीत.

तुम्ही कौतुकाने घेतलेलं पिसांचं जाडजूड जॅकेट असतं पिशवीत, अगदी वर. जागेवर पोचलात की आधी फोटो नाही, आधी कपडे. खडकाआड वाऱ्याला पाठ करून आतला ओला थर काढायचा, सुका चढवायचा, मग फ्लीस, मग पिसांचं जॅकेट. उणे १५ला उघडं व्हायचं या कल्पनेने लोकांच्या अंगावर काटा येतो. पण ती दोन मिनिटं सोसली की पुढचे चार तास तुमचे. आणि हे अंग गरम असतानाच करायचं. थंडी वाजायला लागल्यावर घातलेलं जॅकेट गेलेली ऊब परत आणत नाही, उरलेली फक्त राखतं.

एका वर्षी आमच्या गटात एक सद्गृहस्थ होते. धडधाकट, धावण्याच्या शर्यती केलेले. सांगूनही ते पिसांचं जॅकेट घालूनच चढले. वर पोचेपर्यंत आतून चिंब, आणि पिसंही दमट. पिसं ओली झाली की ती फुगत नाहीत आणि मग ऊबही धरत नाहीत. पाऊण तासाने त्यांना जॅकेटची चेन लावता येईना, बोलताना शब्द अडखळू लागले. "मी ठीक आहे" हे मात्र स्पष्ट म्हणत होते. दोघांनी त्यांना खाली नेलं. कोरडे कपडे, रजई, गरम गोड चहा, तासाभराने ते सावरले. त्याच तासात वर हिमबिबट्या उठला, आळस देऊन कड्यावरून चालत गेला. त्यांना खाली नेणाऱ्या दोघांनाही तो दिसला नाही.

ही चिन्हं पाठच करा : बोटं धड चालेनाशी होणं, बोलणं लडबडणं, चालताना ठेचाळणं. आणि हुडहुडी भरलेली असताना कपडे कोरडे न करता, काही न खाता ती आपोआप थांबली तर तो सुधार नसतो, बिघाड असतो. स्वतःचं स्वतःला कळत नाही, म्हणून जोड्या पाडायच्या. दर अर्ध्या तासाने एकमेकांचं नाक, गाल, कान बघायचे. पांढुरका डाग दिसला तर लगेच उबदार हाताने झाकायचा. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच नाही. बोटं दुखत होती आणि दुखायची थांबली, म्हणजे बरी झाली असं समजू नका. बधिर बोटं बुखारीजवळ धरू नका, भाजलेलं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरायची, तेही पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तेव्हाच, आणि मग डॉक्टर. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. ती कातडीकडे रक्त नेते आणि आतली ऊब बाहेर घालवते.

पायांचं गणित उलटं आहे. तीन मोजे कोंबून बूट घट्ट केला की रक्तच पोचत नाही, मग मोजे कितीही लोकरी असोत. बूट एक माप मोठा, आत एक पातळ आणि एक जाड मोजा, बोटं हलली पाहिजेत. बसायला फोमच्या चटईचा तुकडा न्या. शंभरेक रुपयांची वस्तू, पण खालून बर्फ जी ऊब ओढतो ती महागडं जॅकेट अडवू शकत नाही. हातांना आत पातळ मोजे आणि वरून चार बोटं एकत्र राहतील असे जाड. तिवईच्या धातूच्या पायांना कापड गुंडाळा.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाची बाजू मोकळी राहते. चिक्की तिथे दगड होते, त्यापेक्षा संक्रांतीचे मऊ तिळाचे लाडू आतल्या खिशात. भूक नसली तरी खायचं, उंचीवर भूक मरतेच. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंगाशी ठेवा, आणि खोलीत येण्याआधी बाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर आतल्या उबेने लेन्सवर दव धरतं.

रात्री बुखारीची ऊब गोड वाटते, पण खोलीला हवा यायला फट हवीच आणि झोपताना ती विझलेली हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि उंची. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद, म्हणून शिमल्याहून किन्नौरमार्गे जावं लागतं. हे बरंच आहे. कल्पा (सुमारे २,९६० मीटर), ताबो (३,२८०), मग काझा (३,६५० च्या आसपास), असा मुक्काम करत गेलं की शरीर जुळवून घेतं. किब्बरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच. डायमॉक्स घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. परतीला दोन-तीन दिवस जादा ठेवा, बर्फ पडला की रस्ता आपल्या तिकिटाकडे बघून उघडत नाही.

निघण्याआधी एक तालीम घरीच करा. खोलीतला दिवा बंद करा, जाड हातमोजे चढवा, पिशवी उघडा, जॅकेट काढून घाला, चेन लावा, टोपी, मग बुटाची नाडी. घड्याळ लावून. घरचे हसतील, हसू द्या. चेनच्या टोकाला दोरीची गाठ बांधून घ्यायला हवी हे तुम्हाला तेव्हाच कळेल. ती आजच बांधा.