निवाड्यातली चूक आणि तीस दिवस

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘गायत्री बालासामी’ खटल्यात चार विरुद्ध एक मताने निकाल दिला: लवादाच्या निवाड्यातली हिशेबाची किंवा लिखाणाची उघड चूक न्यायालय स्वतः दुरुस्त करू शकते. वसई तालुक्यातल्या पापडी गावात बसून तो निकाल वाचताना समाधानापेक्षा संताप अधिक झाला. 1940च्या लवाद कायद्यात कलम 15 खाली हा अधिकार न्यायालयाला होताच. 1996च्या कायद्याने तो गाळला. पुढची बरीच वर्षे ठेकेदार आणि महामंडळे आपापसांत भांडत राहिली. गावाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

संबंध आला तो नंतरच्या दशकात. 2014 साली पालघर जिल्हा झाला आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाचे भूसंपादन वसई तालुक्यात उतरले. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात मोबदला मान्य नसेल, तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावे लागते. हा लवाद शेतकरी निवडत नाही. प्रत्यक्षात तो महसूल खात्यातला वरिष्ठ अधिकारी असतो.

त्या वर्षांत ओळखीपाळखीच्यांचे निवाडे मी वाचून देत असे. कुठे क्षेत्राचा आकडा चुकलेला, कुठे बेरीज, कुठे विहिरीची मागणी अर्जात असूनही निवाड्यात तिच्याविषयी अक्षर नाही. या सगळ्यावर 1996च्या लवाद कायद्याच्या कलम 33 मध्ये इलाज आहे. निवाडा हाती पडल्यापासून तीस दिवसांत अर्ज केला, तर आकडेमोड दुरुस्त होते आणि राहून गेलेल्या मागणीवर पूरक निवाडा मागता येतो. मात्र निवाड्यातल्या एखाद्या मुद्द्याचा अर्थ विचारायचा असेल, तर समोरच्या पक्षाची संमती लागते. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची, त्याच्याच परवानगीने खुलासा मागायचा, ही तरतूद मला आजही अन्यायाची वाटते.

लोकांना यातले कोणी काही सांगत नसे. ते ‘फेरविचार करावा’ असा साधा अर्ज देऊन उत्तराची वाट पाहत. असा अर्ज कलम 33 मध्ये बसत नाही आणि त्याने न्यायालयात दाद मागण्याची मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच स्पष्ट केले होते. तीन महिने, फार तर आणखी तीस दिवस, आणि दार बंद.

2021 साली ‘हकीम’ निकाल आला. तमिळनाडूत चौरस मीटरला 46 ते 83 रुपये ठरलेला दर जिल्हा न्यायालयाने 645 केला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या शेतकऱ्यांचे पैसे काढून घेतले नाहीत, पण पुढच्यांसाठी नियम घातला: निवाडा रद्द करा, बदलू नका. रद्द झालेला निवाडा म्हणजे पुन्हा लवाद, पुन्हा हेलपाटे. घटनापीठाने चार वर्षांनी हे बंधन सैल केले, तेही मर्यादित. जमिनीचा दरच कमी धरला असेल, तर आजही सरळ वाढ मिळत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक निवाड्याच्या शेवटी दुरुस्तीचा हक्क, मुदत आणि अर्ज कुठे द्यायचा हे मराठीत छापा. सही केलेली प्रत पक्षकाराच्या स्वतःच्या हाती पडल्याशिवाय मुदत सुरू होत नाही, हा निकाल 2011 साली महाराष्ट्र शासनानेच एका ठेकेदाराविरुद्ध मिळवला. स्वतःसाठी शासनाने जी काळजी मागितली, तीच त्याने शेतकऱ्याची घ्यावी.