पापणीखाली ठेवायचं औषध: आधी सशाच्या डोळ्यात, मग माणसाच्या

डोळ्यात ड्रॉप टाकला की थोड्या वेळाने घशाशी कडवट लागतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून तुम्ही ऐकलं असेल. त्यात नवल नाही. डोळ्यात एका वेळी जेमतेम ३० मायक्रोलिटर पातळ पदार्थ मावतो आणि बाटलीतून पडणारा थेंब असतो साधारण ५० चा. जास्तीचं औषध गालावर ओघळतं किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात आणि घशात उतरतं. डोळ्याच्या आत शेकडा पाच भागसुद्धा पोचत नाहीत.

म्हणून ड्रॉप पुन्हा पुन्हा टाकावे लागतात. काचबिंदूच्या पेशंटला ते जन्मभर टाकायचे असतात. दुखत काहीच नाही, त्यामुळे शेतावर गेलं की एक वेळ राहते, बाजारच्या दिवशी दुसरी राहते. डोळ्यातला दाब मात्र आतल्या आत नस खात राहतो आणि गेलेली नजर परत येत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला एक उपाय म्हणजे 'इन्सर्ट'. औषध भरलेली पातळ, इवलीशी चकती खालच्या पापणीच्या आत ठेवायची. ती थोडं थोडं औषध सोडत राहते. अमेरिकेत १९७४ साली 'ऑक्युसर्ट' नावाची अशी चकती काचबिंदूसाठी बाजारात आली. तिच्यातून तासाला २० किंवा ४० मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडायचं, तेही सलग सात दिवस.

पण वाईट थेंब आसवांबरोबर वाहून जातो, वाईट चकती मात्र डोळ्यातच बसून राहते. कड टोचली तर पापणी हलेल तेवढ्या वेळा ती घासणार. औषध एकदम सुटलं तर आठवड्याचा डोस तासाभरात डोळ्यात. म्हणून इथे तपासणी जास्त कडक लागते.

सशाचाच डोळा का?

याला एक जुनं कारण आहे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या काळ्या करायचा 'लॅश ल्युअर' नावाचा रंग विकला जात होता. त्याने बायकांचे डोळे गेले, एकीचा जीवही गेला. सौंदर्यप्रसाधनं त्या वेळच्या कायद्यात बसतच नव्हती, त्यामुळे सरकारचे हात बांधलेले होते. १९३८ मध्ये नवा कायदा आला. पुढे १९४४ मध्ये जॉन ड्रेझ या सरकारी शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर सशाच्या डोळ्याला गुण द्यायची पद्धत मांडली. डोळ्यावर किती फूल पडलं, लाली किती, सूज किती, चिपडं किती, हे बघून ११० पैकी गुण. इथे गुण जितके जास्त तितका पदार्थ वाईट.

पांढरा, लाल डोळ्यांचा ससा निवडतात, कारण त्याच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं आणि लाली लगेच दिसते. डोळा मोठा, पापणीमागची जागाही ऐसपैस. एक गोष्ट सरळ सांगायला हवी. या चाचणीत सशांनी फार सोसलं आहे. जळजळणारे पदार्थ भूल न देता त्यांच्या डोळ्यात घातले गेले. आंतरराष्ट्रीय पद्धतीत आधी भूल आणि वेदनाशामक द्यायची अट आली ती थेट २०१२ मध्ये.

चकती तपासतात कशी?

काम थेट सशापासून सुरू होत नाही. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत खाटकाकडून शेळीचे डोळे आणतात. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा काढून त्यातून औषध किती वेळात पार जातं ते मोजतात. त्यासाठी मुद्दाम जनावर मारावं लागत नाही. दुसरी युक्ती अंड्याची. उबवायला ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यात काही दिवसांनी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं. त्यावर पदार्थ ठेवून रक्तस्राव होतो का, ते बघतात. इथेच नापास झालेला माल सशापर्यंत नेण्यात अर्थ नाही.

त्यानंतर ससा. डोळ्यात घालायच्या नव्या औषधासाठी भारताचा नियम सांगतो की चाचणी दोन जातींच्या प्राण्यांवर हवी आणि त्यातली एक पांढरा ससा. एकदाच औषध देऊन बघताना एका डोळ्यात औषध, दुसरा डोळा तुलनेसाठी मोकळा. नंतरची लांबलचक चाचणी माणसाला औषध किती दिवस द्यायचं आहे त्यावर ठरते, पण ९० दिवसांच्या वर नाही. माणसाच्या डोसपेक्षा जास्त असे निदान दोन डोस देऊन बघायचे.

रोज काय बघतात? हनुवटी टेकवून डॉक्टर ज्या यंत्रातून तुमचा डोळा बघतात, तेच स्लिट लॅम्प सशालाही. एक रंग टाकून निळ्या उजेडात बघितलं की बुबुळावरचा बारीक ओरखडासुद्धा हिरवा चमकतो. डोळ्याचा दाबही मोजतात. शेवटी सशाला मारून डोळ्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

चांगल्या चाचणीत आणखी एक गट असतो, त्याला औषध नसलेली कोरी चकती बसवतात. कोऱ्या चकतीनेही डोळा लाल झाला तर दोष औषधाचा नाही, चकतीच्या प्लॅस्टिकचा किंवा आकाराचा. माझ्या मते हा गट नसेल तर त्या चाचणीवर फार विसंबू नये.

ससा काय सांगू शकत नाही

आपण मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी मिटतो. ससा तासाभरातही इतक्या वेळा मिटत नाही. शिवाय कोंबडीला असते तशी कोपऱ्यातून सरकणारी तिसरी पापणी त्याला असते. म्हणजे सशाच्या डोळ्यात आठवडाभर नीट राहिलेली चकती आपल्या डोळ्यातून दुसऱ्या दिवशी निसटू शकते. काही औषधं डोळ्याच्या काळ्या रंगद्रव्याला चिकटून साठतात, तेही पांढऱ्या सशात दिसत नाही. त्यासाठी रंगीत डोळ्यांचे ससे घ्यावे लागतात.

ऑक्युसर्टचं पुढे काय झालं? औषध काम करत होतं, पण चकती झोपेत पडायची आणि पेशंटला पत्ताच नसायचा. थरथरत्या हातांनी ती बसवणं म्हाताऱ्यांना जमेना, शिवाय महाग. शेवटी ती बाजारातून गेली. यातलं काहीही सशाला विचारून कळलं नसतं. त्यासाठी माणसांवरच्या चाचण्याच लागतात, त्याही त्यांची लेखी संमती घेऊन.

आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते आणि वर केंद्राच्या समितीची देखरेख असते. त्यामागे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राणी वापरायला २०१४ पासून बंदी आहे. औषधांच्या बाबतीत २०२३ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरच्या चाचण्यांनाही वाट दिली. ससे यामुळे कमी होतील, लगेच बंद होणार नाहीत.

तेव्हा मोबाईलवर 'प्राण्यांवर यशस्वी चाचणी, आता ड्रॉपची गरज नाही' असा मेसेज आला, तर औषध अजून अर्ध्या वाटेवर आहे असं समजा. तोवर काचबिंदूचे ड्रॉप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ड्रॉप टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने हलका दाबून धरा. औषध घशात कमी उतरतं, डोळ्यात जास्त राहतं.