मनोविकारशास्त्राच्या निवासी प्रशिक्षणाचे नेतृत्व : अमेरिकेतील कार्यक्रम-संचालकपद आणि आपली मार्गदर्शक पद्धती

प्रस्तावना

वैद्यकीय शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रवेश, शुल्क आणि जागांची संख्या या तीन मुद्द्यांभोवती फिरते. पदव्युत्तर विद्यार्थी विभागात दाखल झाल्यानंतर त्याच्या घडणीची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मनोविकारशास्त्रात तो टाळता येण्यासारखा नाही. २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात ०.०५, तर केरळात १.२ इतके आढळले होते. तज्ज्ञ इतके मोजके असताना तयार होणारा प्रत्येक तज्ज्ञ कसा घडतो, याला विशेष महत्त्व प्राप्त होते.

अमेरिकेत या घडणीची जबाबदारी 'प्रोग्रॅम डायरेक्टर' अर्थात कार्यक्रम-संचालक या स्वतंत्र पदाकडे सोपविलेली आहे. प्रस्तुत लेखात या पदाचा व त्याभोवतीच्या रचनेचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) कार्यक्रम-संचालकपदाची ऐतिहासिक पार्श्वभूमी जाणून घेणे.
२) या पदाचे अधिकार, कर्तव्ये व त्यावरील नियंत्रणे स्पष्ट करणे.
३) मनोविकारशास्त्राच्या प्रशिक्षणातील नेतृत्वाचे वेगळेपण विशद करणे.
४) भारतातील मार्गदर्शक पद्धतीशी त्याची तुलना करणे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

रुग्णालयात राहून टप्प्याटप्प्याने वाढती जबाबदारी घेत शिकण्याची पद्धत अमेरिकेत १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आकारास आली. 'निवासी डॉक्टर' हा शब्दच त्या पद्धतीची खूण सांगतो. मनोविकारशास्त्रात तिला भक्कम रूप दिले ते मूळचे स्वित्झर्लंडचे असलेल्या ॲडॉल्फ मायर यांनी. १९१३ मध्ये याच रुग्णालयाच्या परिसरात फिप्स क्लिनिक उघडले आणि मायर १९४१ पर्यंत त्याचे प्रमुख होते. रुग्णाचा आजार त्याच्या संपूर्ण जीवनवृत्तांतातून समजून घेतला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अनेक डॉक्टर पुढे ठिकठिकाणी शिक्षक व विभागप्रमुख झाले.

मायर यांच्या काळात विभागप्रमुख, मुख्य चिकित्सक आणि शिक्षक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटलेल्या होत्या. शिक्षण कसे होईल, हे त्या व्यक्तीच्या कुवतीवर व स्वभावावर अवलंबून असे. पुढे विभाग मोठे झाले. संशोधन, अर्थव्यवहार व रुग्णसेवा यांचा व्याप वाढला आणि प्रशिक्षणाकडे पूर्ण लक्ष देणारी वेगळी व्यक्ती असणे अपरिहार्य ठरले. मनोविकारशास्त्र व मज्जाविकारशास्त्राचे प्रमाणपत्र देणारे मंडळ १९३४ मध्ये, तर निवासी प्रशिक्षणास मान्यता देणारी 'ॲक्रेडिटेशन कौन्सिल फॉर ग्रॅज्युएट मेडिकल एज्युकेशन' ही संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. या मान्यता-परिषदेच्या नियमांमुळे कार्यक्रम-संचालकपदाला निश्चित चौकट लाभली.

२. कार्यक्रम-संचालकाचे अधिकार व कर्तव्ये

पहिले कर्तव्य निवडीचे. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या जागा 'मॅच' या राष्ट्रीय पद्धतीने भरल्या जातात. उमेदवार अर्ज करतात व मुलाखती देतात. त्यानंतर उमेदवार संस्थांचा आणि संस्था उमेदवारांचा पसंतीक्रम नोंदवितात. संस्थेच्या वतीने हा क्रम निश्चित करण्याच्या प्रक्रियेचे नेतृत्व संचालक करतो. ज्यांना शिकवावयाचे त्यांच्या निवडीत शिकविणाऱ्याचा वाटा असल्यामुळे पुढील चार वर्षांचे उत्तरदायित्वही स्वाभाविकपणे त्याच्याकडे येते.

दुसरे कर्तव्य प्रशिक्षणाच्या आखणीचे. मनोविकारशास्त्राचे निवासी प्रशिक्षण तेथे चार वर्षांचे असते. त्यात सामान्य वैद्यकाचा व मज्जाविकारशास्त्राचा अनुभव, आंतररुग्ण विभाग, बाह्यरुग्ण विभागातील दीर्घकालीन उपचार, बाल व वृद्ध मनोविकार, व्यसनमुक्ती, तसेच इतर विभागांतील रुग्णांसाठी सल्लासेवा या सर्वांचा समावेश असावा लागतो. शिवाय आधारात्मक, मनोगतिक व बोधात्मक-वर्तनात्मक मानसोपचारांचे शिक्षण आवश्यक असते. रुग्णालयाला मनुष्यबळ कोठे हवे आणि विद्यार्थ्याला कोणता अनुभव हवा, यांत वारंवार संघर्ष होतो. त्या संघर्षात विद्यार्थ्याची बाजू अधिकारवाणीने मांडणारी व्यक्ती म्हणजे कार्यक्रम-संचालक होय.

तिसरे कर्तव्य मूल्यमापनाचे. १९९९ मध्ये मान्यता-परिषदेने सर्व शाखांसाठी सहा मूलभूत क्षमता निश्चित केल्या : रुग्णसेवा, वैद्यकीय ज्ञान, स्वतःच्या कामातून शिकण्याची व सुधारण्याची वृत्ती, संवादकौशल्य, व्यावसायिक आचरण आणि आरोग्यव्यवस्थेचे भान. २०१४ पासून मनोविकारशास्त्रात या क्षमता 'माइलस्टोन्स' म्हणजे प्रगतीच्या पायऱ्यांच्या रूपाने मोजल्या जाऊ लागल्या. प्रत्येक निवासी डॉक्टर कोणत्या पायरीवर आहे, याचा दर सहा महिन्यांनी आढावा घेतला जातो. मागे पडलेल्या विद्यार्थ्यासाठी सुधारणेची लेखी योजना करणे, आणि प्रशिक्षणाच्या अखेरीस तो स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यास सक्षम आहे की नाही हे ठरविणे, ही संचालकाची सर्वांत अवघड कामे होत. अपात्र व्यक्तीस 'सक्षम' म्हणून पाठविल्यास त्याची किंमत अनोळखी रुग्णांना मोजावी लागते. उलटपक्षी घाईने दिलेला प्रतिकूल निर्णय एका तरुणाचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो.

३. सहकारी व नियंत्रणे

एवढा अधिकार एका व्यक्तीच्या हाती असल्यामुळे त्यावर नियंत्रणेही ठेवलेली आहेत. संचालकाच्या नेमणुकीस संस्थेच्या पदव्युत्तर शिक्षण समितीची मान्यता लागते. विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा आढावा किमान तीन अध्यापकांची समिती घेते व संचालकास सल्ला देते. अंतिम निर्णय संचालकाचा असतो. संपूर्ण कार्यक्रमाचे परीक्षण करणाऱ्या दुसऱ्या समितीत निवासी डॉक्टरांचा प्रतिनिधी असणे बंधनकारक आहे. याखेरीज मान्यता-परिषद दरवर्षी निवासी डॉक्टरांचे सर्वेक्षण करते व त्यांची उत्तरे नावानिशी उघड होत नाहीत. निर्णय अन्यायकारक वाटल्यास दाद मागण्याची पद्धतही संस्थेत असावी लागते.

संचालकाच्या मदतीस सहयोगी संचालक व प्रशासकीय समन्वयक असतात. या पदासाठी रुग्णसेवेतून वेळ राखून ठेवणे हे संस्थेवर नियमानेच बंधनकारक आहे, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. या रचनेतील सर्वांत नाजूक दुवा म्हणजे 'चीफ रेसिडेंट' अर्थात प्रमुख निवासी डॉक्टर. सामान्यतः शेवटच्या वर्षाचा हा विद्यार्थी रात्रपाळ्यांचे वेळापत्रक लावतो, कनिष्ठांना शिकवितो आणि त्यांच्या अडचणी वरिष्ठांपर्यंत पोहोचवितो. तो विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी आणि प्रशासनाचा सहायक अशा दोन्ही भूमिका बजावीत असल्याने त्याच्यावर दोन्हीकडून दडपण येते. भावी शिक्षक व संचालक बहुधा याच अनुभवातून तयार होतात.

४. मनोविकारशास्त्राचे वेगळेपण

शल्यविशारदाचे काम शिक्षकाला शस्त्रक्रियागृहात प्रत्यक्ष पाहता येते. मानसोपचाराची बैठक मात्र बंद दाराआड, दोन व्यक्तींमध्ये होते. तेथे उपचाराचे साधन डॉक्टरचे स्वतःचे ऐकणे, बोलणे व संयम हेच असते. रुग्णाविषयी मनात निर्माण होणारा राग, कंटाळा, भीती किंवा अतिरिक्त जवळीक ओळखता आली नाही, तर उपचार भरकटतो. म्हणूनच या शाखेत नियमित वैयक्तिक पर्यवेक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. विद्यार्थी आपल्या रुग्णाविषयी बोलतो आणि अनुभवी शिक्षक त्या बोलण्यातून रुग्ण व विद्यार्थी दोघांनाही समजून घेतो. असे तास वेळापत्रकात राखणे आणि त्यासाठी योग्य पर्यवेक्षक मिळविणे ही संचालकाची जबाबदारी असते.

येथे एक पेचही उद्भवतो. पर्यवेक्षकापाशी विद्यार्थ्याने मन मोकळे करावे अशी अपेक्षा असते. पण तोच पर्यवेक्षक त्याचे मूल्यमापनही करणार असतो. मनोविकारतज्ज्ञांनी विद्यार्थ्याच्या स्वभावाचे 'निदान' करून त्यावरून त्याची पात्रता ठरविण्याचा मोह होणे, हा या शाखेचा खास धोका होय. विद्यार्थ्याचे वर्तन व काम यांचे मूल्यमापन करावे आणि त्याला उपचारांची गरज असल्यास ते विभागाबाहेरील तज्ज्ञाकडून गोपनीयतेने मिळावेत, हे पथ्य संचालकाला पाळावे लागते.

दुसरा प्रसंग रुग्णाच्या आत्महत्येचा. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केमटॉब व सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील अभ्यासात सुमारे निम्म्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या एखाद्या रुग्णाची आत्महत्या अनुभवली असल्याचे आढळले. असा आघात प्रशिक्षणाच्या काळातही वाट्यास येतो. त्या वेळी अपराधी भावनेने खचलेल्या तरुण डॉक्टरला कोणी भेटावे, नातेवाइकांशी कोणी बोलावे, घटनेचा आढावा दोषारोपाविना कसा घ्यावा, याची पूर्वतयारी नेतृत्वाकडे असावी लागते. हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळत नाही.

५. कामाचे तास व सुरक्षितता

१९८४ मध्ये न्यूयॉर्क येथे लिबी झायन या १८ वर्षांच्या तरुणीचा रुग्णालयात मृत्यू झाला. ती फेनेल्झिन हे नैराश्यविरोधी औषध घेत होती; तिला पेथिडिन देण्यात आले आणि या दोन औषधांच्या घातक आंतरक्रियेची मोठी चर्चा झाली. तिच्या वडिलांनी निवासी डॉक्टरांचे प्रदीर्घ कामाचे तास व वरिष्ठांच्या देखरेखीचा अभाव हे प्रश्न ऐरणीवर आणले. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये तासांवर मर्यादा घातली व २००३ मध्ये मान्यता-परिषदेने देशभर आठवड्यास ८० तासांची मर्यादा लागू केली. तिचे पालन होते की नाही यासाठी कार्यक्रम-संचालक उत्तरदायी असतो. या प्रकरणातून थकवा आणि पर्यवेक्षण हे दोन्ही रुग्णसुरक्षेचे विषय असल्याचे अधोरेखित झाले.

६. भारतीय संदर्भ

आपल्याकडेही प्रारंभी व्यक्तीभोवती संस्था उभ्या राहिल्या. रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयात ओवेन बर्कले-हिल, १९५४ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत एम. व्ही. गोविंदस्वामी, तर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एन. एस. वाहिया यांनी प्रशिक्षणाची परंपरा निर्माण केली. पतंजलीच्या योगविचारावर आधारित उपचारपद्धतीचा वाहियांनी केलेला अभ्यास सर्वज्ञात आहे.

मात्र एम.डी. अभ्यासक्रमात स्वतंत्र कार्यक्रम-संचालकपद आपल्याकडे रूढ झाले नाही. तीन वर्षांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी विभागप्रमुख व प्रबंधाचा मार्गदर्शक यांच्यात विभागली जाते. विद्यार्थी 'नीट-पीजी'च्या गुणांवर समुपदेशन फेऱ्यांतून येतो. निवडीत विभागाचा सहभाग नसतो. या पद्धतीत वशिल्याला वाव राहत नाही, हा तिचा मोठा गुण होय. तथापि मार्गदर्शकाचे औपचारिक उत्तरदायित्व प्रामुख्याने प्रबंधाशी जोडले गेल्याने विद्यार्थ्याच्या समग्र घडणीचा प्रश्न विभागप्रमुखाच्या उपलब्ध वेळेवर सोडला जातो. त्यातच मार्गदर्शक, परीक्षक व वरिष्ठ अधिकारी यांचे वर्तुळ एकच असल्याने तक्रार करणे विद्यार्थ्याला कठीण जाते.

अलीकडील बदलांमुळे हा प्रश्न अधिक स्पष्ट झाला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावे लागते. तेथे ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञ नसल्यास त्याचे पर्यवेक्षण कोणी करावयाचे? २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्यास कमाल ७४ तास व साप्ताहिक सुटीची शिफारस केली. अशा शिफारशींच्या अंमलबजावणीस विभागात एक निश्चित उत्तरदायी व्यक्ती असावी लागते.

निष्कर्ष व सूचना

अमेरिकन पद्धती जशीच्या तशी स्वीकारावी असे येथे सुचवावयाचे नाही. तेथील नोंदी व अहवालांचा भार मोठा आहे आणि आपली अध्यापकसंख्या मर्यादित आहे. तरीही पुढील गोष्टी आहे त्या व्यवस्थेत शक्य आहेत :

१) प्रत्येक विभागात विभागप्रमुखाव्यतिरिक्त एका अध्यापकाकडे प्रशिक्षण-समन्वयाची जबाबदारी लेखी स्वरूपात सोपवावी व त्यासाठी साप्ताहिक वेळ राखून ठेवावा.
२) प्रबंधाचे मार्गदर्शन आणि रुग्णोपचाराचे पर्यवेक्षण या दोन बाबी स्वतंत्र मानाव्यात.
३) विद्यार्थ्याचा सहामाही आढावा एकाने न घेता तीन अध्यापकांनी मिळून घ्यावा व तो विद्यार्थ्यास दाखवावा.
४) रुग्णाची आत्महत्या वा हिंसक प्रसंग घडल्यास निवासी डॉक्टरच्या पाठीशी कोणी उभे राहावयाचे, हे आधीच ठरवावे.
५) विद्यार्थ्यांचे निनावी अभिप्राय विभागाबाहेरील समितीने संकलित करावेत.

यांपैकी एकाही सूचनेसाठी नवे पद निर्माण करावे लागत नाही. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतील आपल्या संशोधन-मार्गदर्शन पद्धतीतही मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्या भूमिका अशाच गुंतलेल्या आहेत. त्यामुळे तिसऱ्या व पाचव्या सूचनेचा विचार वैद्यकीय क्षेत्राबाहेरील अध्यापकांनीही आपापल्या विभागाच्या संदर्भात करण्यास हरकत नसावी.