नगराध्यक्षाची खुर्ची, महापौराचा झगा

जालन्याची नगर परिषद 2023 मध्ये महानगरपालिका झाली. शिवसेनेचे अर्जुन खोतकर त्यासाठी आग्रही होते, तेव्हाचे काँग्रेस आमदार कैलास गोरंट्याल विरोधात. अशा वादात पहिली बोंब घरपट्टीची होते. पण नुसतं नाव बदलल्याने घरपट्टी वाढत नाही. पुढच्या वर्षाचे करांचे दर महापालिकेच्या सभागृहाला 20 फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. प्रशासक असेल तर तो ठरवतो. वाढ झालीच तर तिथे होते.

खरा बदल खुर्चीत होतो, आणि त्याची चर्चा कमी होते.

नगर परिषद चालते 1965 च्या कायद्याने. त्यात नगराध्यक्ष हाच स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती. जालन्यात 2016 साली संगीता गोरंट्याल थेट जनतेतून नगराध्यक्ष झाल्या होत्या. अख्ख्या गावाने निवडलेला माणूस मुख्याधिकाऱ्यापुढे आवाज चढवू शकतो. महापालिकेला लागू होतो 1949 चा कायदा. तिथे महापौर नगरसेवकांमधून, अडीच वर्षांसाठी. स्थायी समितीचा सभापती वेगळा, आणि कारभाराचा अधिकार आयुक्ताच्या हाती. महापौराकडे उरतं सभागृहाचं अध्यक्षपद, मानाचा झगा आणि फीत कापायची कात्री. भांडखोर नगराध्यक्षाला हा व्यवहार तोट्याचा वाटला तर नवल नाही.

अनेक पालिका एकत्र केल्या की तोटा आणखी उघडा पडतो. 2009 मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा आणि भोवतालची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. चार नगराध्यक्षांच्या जागी एक महापौर! गावांचा विरोध तर पुढे कितीतरी वर्षं कोर्टात चालत राहिला.

विरोध करायचा तर वाट कोणती? सरकार आधी मसुदा अधिसूचना काढतं, हरकती-सूचना मागवतं, मग अंतिम अधिसूचना. हरकत कुणीही नागरिक लेखी देऊ शकतो, पण ती ऐकून घेणं आणि मानणं यात अंतर आहे. शेवटचा शब्द मंत्रालयाचा. नगराध्यक्षाच्या हातातलं मोठं हत्यार म्हणजे सभागृहाचा ठराव. जालन्यात मात्र 2023 ला सभागृहच नव्हतं. मुदत संपलेली, निवडणुका लांबलेल्या, खुर्चीवर प्रशासक.

महापालिकेची पहिली निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. तोवर कैलास गोरंट्याल भाजपमध्ये गेले होते.