पानक आणि दाइकिरी

रामनवमीच्या दिवशी बेंगळूरच्या मल्लेश्वरम भागात चौकाचौकांत मांडव पडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पानकाचा पेला दिला जातो. गूळ, पाणी, लिंबाचा रस, थोडी सुंठ, वेलदोडा आणि मिऱ्याची चिमूट, एवढेच त्यात असते. आपले पन्हे आणि कर्नाटकाचे पानक ही एकाच संस्कृत शब्दाची दोन रूपे. पेला तोंडाला लावताच आंबट आणि गोड हे दोन रस एकमेकांना असे धरून ठेवतात की त्यांपैकी कोणता आधी लागला हे सांगता येऊ नये. पानक बिघडते तेही येथेच. लिंबू अधिक पडले तर दात आंबतात, गूळ अधिक झाला तर घशाला चिकटतो. मल्लेश्वरममधील जुन्या घरांतील गृहिणींना हे प्रमाण हाताच्या अंदाजाने साधते.

हेच प्रमाण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, क्यूबा नावाच्या बेटावर, एका जगप्रसिद्ध मद्यपेयाचा पाया झालेले आहे. त्याचे नाव दाइकिरी. रम, लिंबाचा रस, साखर आणि बर्फ, याखेरीज त्यात पाचवी वस्तू नाही. ज्याला पानक उमगले त्याला दाइकिरीचे तीन हिस्से आधीच उमगलेले असतात. उरतो तो रमचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका परका नाही.

दाइकिरी हे मुळात गावाचे नाव. क्यूबाच्या आग्नेय किनाऱ्यावर, सांतियागो शहराच्या पूर्वेस ते आहे. त्या परिसरात लोखंडाच्या खाणी होत्या आणि तेथील जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १८९८ च्या सुमारास हे पेय प्रथम तयार केले, असे परंपरेने सांगतात. अशा कथा काटेकोरपणे घेऊ नयेत. उसाच्या मुलुखात रम, लिंबू आणि साखर एकत्र यायला अभियंत्याची वाट कोणी पाहिली असेल, हे संभवत नाही. मात्र त्या गावाचे नाव अमेरिकेला परिचित व्हायला कारण घडले ते खरे. स्पेनशी झालेल्या युद्धात २२ जून १८९८ रोजी अमेरिकन फौजा त्याच किनाऱ्यावर उतरल्या. त्याच वर्षी बेंगळूरला प्लेगने गाठले होते आणि जुन्या पेठांतील दाटीतून निघालेली कुटुंबे मल्लेश्वरमच्या आखीव, मोकळ्या वसाहतीकडे वळत होती. पुढे हवानामधील ‘एल फ्लोरिदिता’ या मद्यगृहात कॉन्स्तान्तिनो रिबालाइग्वा या कुशल कारागिराने दाइकिरीला कीर्ती मिळवून दिली. अर्नेस्ट हेमिंग्वे तेथील नित्याचे गिऱ्हाईक. त्यांना साखर नको असे आणि रम दुप्पट लागे. तो त्यांचा मामला. साखर वगळलेले हे पेय दाइकिरी म्हणावे की नाही, याविषयी जाणत्यांनी संशय बाळगलेला बरा.

आता रम. उसाचा रस, काकवी किंवा साखर कारखान्यातील मळी आंबवून, तिचे ऊर्ध्वपातन करून जो मद्यार्क मिळतो, त्यालाच रम म्हणतात. ऊस अमेरिका खंडाचा नव्हे. कोलंबसाने १४९३ च्या आपल्या दुसऱ्या सफरीत तो तिकडे नेला. रसापासून गूळ व साखर करण्याची विद्या त्याआधी कितीतरी शतके भारतात रुळली होती. मनुस्मृतीत सुरेचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत गुळापासून होणारी ती ‘गौडी’. कौटिल्याने तर मद्यव्यवहारावर देखरेख करण्यासाठी सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला आहे. आजच्या उत्पादनशुल्क खात्याला आपली वंशावळ हवी असल्यास ती तेथपर्यंत नेता येईल.

मल्लेश्वरमपुरते बोलायचे तर रमची गोष्ट फार दूरची नाही. म्हैसूर संस्थानाचा साखर कारखाना मंड्यास १९३३ साली उभा राहिला. बेंगळूर शहरात राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली ‘अमृत’ ही आसवनी स्थापन केली आणि तिची रम लष्करी उपाहारगृहांतून देशभर गेली. आडनाव मराठी आहे, आणि या भागात मराठी नाव नवलाचे नाही. ज्या देवावरून मल्लेश्वरमला हे नाव मिळाले, त्या काडु मल्लेश्वराच्या, म्हणजे रानातल्या मल्लेश्वराच्या, देवळाला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. आणखी एक योगायोग. सांतियागो शहरात १८६२ साली फाकुंदो बकार्दी यांनी जी पांढरी, कोळशातून गाळलेली, सौम्य रम काढली, तिचा कारखाना १९६० साली क्यूबाच्या क्रांतिकारी सरकारने ताब्यात घेतला. घराण्याने व्यवसाय बेटाबाहेर चालू ठेवला, आणि त्या नावाची रम आज म्हैसूरजवळ नंजनगूड येथेही तयार होते.

दाइकिरीला हीच पांढरी रम हवी. आपल्याकडे अधिक खपते ती काळी रम. १९५४ पासून प्रसिद्ध असलेली ‘ओल्ड मंक’ हे तिचे ठळक उदाहरण. व्हॅनिलासारखा तिचा दाट सुवास लिंबाला बोलू देत नाही. ती वाईट आहे असे नव्हे. गूळ, आले आणि वेलदोडा यांच्याशी तिचे चांगले जमते. पण जे तयार होईल ते रम घातलेले पानक, दाइकिरी नव्हे. आणि ज्याला पानकात रम घालण्याचा मोह होईल, त्याने निदान रामनवमीचा दिवस सोडावा.

येथे ‘घरी करणे’ या शब्दांचा अर्थ निःसंदिग्धपणे सांगायला हवा. घरी करायचे ते मिश्रण, मद्य नव्हे. विनापरवाना मद्य गाळणे हा गुन्हा तर आहेच, पण बेकायदा दारूत मिथेनॉल हे जीवघेणे विष केव्हा शिरेल, याची ती विकणाऱ्यालाही शाश्वती नसते. १९८१ साली बेंगळुरात विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. बाटली परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावी आणि तिचे बूच शाबूत असल्याची खात्री करावी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये ती बाळगणाऱ्याजवळही परवाना लागतो, हे महाराष्ट्रातील रहिवाशाने विसरू नये.

लिंबाच्या बाबतीत मात्र मल्लेश्वरम लंडन–न्यूयॉर्कपेक्षा भाग्यवान आहे. पाश्चात्त्य देशांत आज बहुधा मिळते ते मोठे, बिनबियांचे हिरवे लिंबू. क्यूबातील मूळचे लिंबू लहान, पातळ सालीचे, बियांचे आणि अतिशय सुवासिक. म्हणजे आपले कागदी लिंबूच. कर्नाटकात त्याचे आगर विजयपूर जिल्ह्यात, सोलापूरच्या सीमेला लागून असलेल्या इंडी तालुक्यात आहे. आठव्या क्रॉसच्या बाजारात लिंबे निवडताना हिरव्या रंगावर भुलू नये. ज्याची साल गुळगुळीत व पातळ, रंग पिवळटपणाकडे झुकलेला आणि जे हातात जड लागते, ते रसाळ. पिळण्यापूर्वी ते ओट्यावर तळहाताखाली फिरवावे. पिळताना शेवटच्या थेंबाचा लोभ धरू नये. साल चुरगळली की तिच्यातील कडवटपणा रसात उतरतो. एका लिंबातून साधारण दहा ते पंधरा मिलिलीटर रस निघतो, म्हणून एका पेल्याला दोन लिंबे जवळ ठेवावीत. रस आयत्या वेळीच काढावा. रात्री काढून ठेवलेला रस सकाळी आंबट असतो, पण लिंबू त्यातून निघून गेलेले असते. बाटलीतल्या रसाची गोष्टच नको.

साखर थंड द्रवात सहज विरघळत नाही आणि मद्यार्कात तर त्याहून कमी. कोरडी साखर घातलेल्या पेल्याचा पहिला घोट आंबट आणि शेवटचा किरकिरीत गोड लागतो, त्याचे कारण हेच. साखर व पाणी समभाग वजनाने घेऊन, साखर विरघळेपर्यंतच गरम करावे. तार येईपर्यंत आटवायचे नाही, ते लाडवांसाठी. हा पातळ पाक बाटलीत भरून शीतकपाटात ठेवला की दोनतीन आठवडे टिकतो.

एका पेल्याचे प्रमाण असे: रम ६० मिलिलीटर, लिंबाचा रस २०, पाक १५. मोजायला खास माप नसले तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारे, रेषा आखलेले टोपण स्वच्छ धुऊन घ्यावे. त्याहून प्रामाणिक माप घरात दुसरे नसते. लिंबू ऋतुमानाप्रमाणे बदलते. उन्हाळ्यातील सुकट लिंबाचा रस तिखट असतो, पावसाळ्यातील पाणचट. म्हणून रस आणि पाक आधी एकत्र करून चमचाभर चाखावे. ते मिश्रण नुसते पिण्यास जरा अधिक तीव्र वाटले पाहिजे, कारण पुढे त्यात रम आणि पाणी दोन्ही मिसळणार आहेत.

‘पाणी’ हा शब्द चुकून आलेला नाही. दाइकिरीत वरून पाणी घालत नाहीत, तरी ते तिचा एक घटक आहे, आणि ते येते बर्फातून. फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा किंवा तांब्या घ्यावा. तो निम्म्याहून अधिक बर्फाने भरून, वर मिश्रण ओतून, झाकण घट्ट आवळून बारा ते पंधरा सेकंद जोराने हलवावा. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेते. ती उष्णता मिश्रणातूनच येते. साधारण २५ ते ३० मिलिलीटर पाणी अशा रीतीने पेयात उतरते आणि त्याचे तपमान शून्याच्याही चारपाच अंश खाली जाते. बर्फ शून्य अंशाला वितळते, मग पेय त्याहून थंड कसे? जुन्या मराठी घरांतून हाताने फिरवायचा आइसक्रीमचा पॉट असे, त्यात बर्फाबरोबर खडेमीठ घालीत. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि बर्फ स्वतःच अधिक थंड होत वितळू लागते. येथे मिठाचे काम मद्यार्क करतो. डब्यावर बाहेरून पांढरे दव धरले आणि बोटे बधिर होऊ लागली की हलवणे पुरे. त्यापुढे हलवीत राहिल्याने थंडी फारशी वाढत नाही. पाणी मात्र वाढत जाते.

बर्फ शीतकपाटातून त्याच क्षणी काढलेले, कोरडे आणि मोठ्या तुकड्यांचे असावे. ओट्यावर ठेवून पाझरू लागलेले बर्फ आपले पाणी आधीच घेऊन येते आणि पेय पांचट होते. बर्फाला मासळीचा, कांद्याचा वा उरलेल्या सांबाराचा वास लागतो, म्हणून ते झाकून गोठवावे. पाणीही पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेंगळूरला हेसरघट्टाचे पाणी नळाने आले, पुढे १९७४ पासून कावेरीचे. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास राहिला तर तो बर्फातही राहतो. पाणी उकळून, निववून गोठवले की हा दोष जातो.

पेला लहान घ्यावा आणि आधीच थंड करून ठेवावा. डब्यातील पेय चहाच्या गाळणीतून त्यात ओतावे, म्हणजे बर्फाच्या कपच्या मागे राहतात. वर लिंबाची चकती, कागदाची छत्री वगैरे काही नको. रंग किंचित दुधाळ, पृष्ठावर पातळ फेस, आणि पहिल्या घोटात प्रथम लिंबू, मागून ऊस. हे साधले तर दाइकिरी साधली.

याच साधण्यात तिचा धोकाही आहे. भारतात रमची तीव्रता सामान्यतः ४२.८ टक्के असते. ६० मिलिलीटरमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क भरतो. म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘मोठा पेग’ म्हणतात तो पूर्णच्या पूर्ण या इवल्याशा पेल्यात असतो. नुसती रम तोंडाला लावताच आपली ओळख देते. आंबटगोड आणि बर्फगार झालेली रम ओळख लपवते, आणि सरबताच्या वेगाने पोटात जाते. दाइकिरी जितकी उत्तम जमेल तितकी ती अधिक फसवी. म्हणून करणाऱ्याने अंदाजाने बाटली कलती न करता दर खेपेस मापानेच ओतावे, पाहुण्याला पेल्यात किती मद्य आहे हे द्यायच्या आधी सांगावे, आणि ज्याला वाहन हाकायचे आहे त्याला ते देऊच नये. न पिणाऱ्यासाठी तोच रस, थोडा अधिक पाक आणि ६० मिलिलीटर पाणी त्याच डब्यात बर्फावर हलवून त्याच पेल्यात द्यावे. ते दिसायला तसेच दिसते आणि चवीला कमी प्रतीचे मुळीच नसते.

हवानाचे दुसरे प्रसिद्ध पेय मोहितो. त्यात हेच तीन घटक, शिवाय पुदिना आणि सोडा. रम मात्र थोडी कमी, ४५ मिलिलीटर. तो हलवायचा नसतो. उंच पेल्यातच करतात. क्यूबातील पुदिना सौम्य असतो. आपला त्याहून उग्र, म्हणून सहासात पानेच पुरेत. ती लिंबाच्या रसात व पाकात लाकडी बत्त्याने हलकेच दाबावीत. चटणीसारखी वाटली तर पुदिन्याचा हिरवा कडवटपणा सुटतो आणि गवताचा वास मारतो. दाबून झाल्यावर रम, बर्फ, शेवटी सोडा, आणि एकदाच चमच्याने खालून वर ढवळणे. मल्लेश्वरममध्ये कुंडीत पुदिना लावलेली घरे पुष्कळ आहेत. देठ पाण्यात ठेवले तरी त्याला आठवड्यात मुळे फुटतात.