कधी पास, कधी नापास

प्रोग्राममधले एक अक्षरही बदललेले नसते, तरी सकाळी पास झालेली स्वयंचलित चाचणी दुपारी नापास होते. अशा चाचणीला प्रोग्रामर ‘फ्लेकी टेस्ट’ म्हणतात. आपल्याकडच्या जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत असा लहरीपणा थोडाफार आहे, असे गूगलने २०१६ साली सांगितले होते.

इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली ‘अपाचे’ या मुक्त-स्रोत संस्थेच्या प्रकल्पांमधल्या अशा चाचण्यांच्या दुरुस्त्या तपासल्या. सुमारे ४५ टक्के प्रकरणांत दोष वाट पाहण्याच्या पद्धतीत निघाला. चाचणी सर्व्हरला काम सांगते, दोन सेकंद थांबते आणि उत्तर आलेच असणार असे धरून चालते. यंत्रावर ताण असला की ते आलेले नसते.

मग कुणीतरी बदल पाठवतो: दोनाऐवजी पाच सेकंद थांबा. तपासणाऱ्याने तो परत पाठवावा, असे माझे ठाम मत आहे. चाचणीने घड्याळाकडे न पाहता उत्तर आल्याची खूण दिसेपर्यंत थांबावे. त्या थांबण्याला फक्त एक कमाल मर्यादा असावी. ‘नापास झाली तर पुन्हा चालवा’ हा बदल त्याहून घातक. कधीकधी चाचणी बरोबर असते आणि लहरीपणा मूळ प्रोग्राममध्येच असतो; तो मग झाकला जातो.

दुरुस्ती लागू पडली हे ओळखायचे कसे? शंभरात सरासरी एकदा नापास होणारी चाचणी हात न लावताही सलग दहा वेळा पास होण्याची शक्यता ९० टक्के असते. सलग ३०० वेळा पास होण्याची मात्र ५ टक्क्यांहून कमी. त्याहून चांगला पुरावा म्हणजे सर्व्हरच्या उत्तराला मुद्दाम उशीर लावून जुनी चाचणी नापास करून दाखवणे, आणि तेवढ्याच उशिरात नवी पास.